वेणी दातांत धरून

अहो, असे लांब का बसलात? पुढे सरका, सतरंजी मोठी आहे. बुवांचा आत्ताच फोन आला, ऐरोलीच्या पुलावर गाडी अडकली आहे, अर्धा तास तरी लागेल म्हणाले. पेटीवाल्यांनी सूर लावून ठेवलाय, तबलजींचा चहा झालाय. तोवर एक गोष्ट ऐका. याच सभामंडपात घडलेली आहे. बुवा आधी पूर्वरंगात तत्त्व सांगतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात. मला तत्त्व सांगता येत नाही, म्हणून मी आपला थेट आख्यानालाच हात घालतो.

आपल्या मारुतीरायाच्या देवळात दर शनिवारी कीर्तन असतं आणि मी टाळ धरतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्या तिसऱ्या खांबाला टेकून एक बाई बसतात, मालन परब. मी त्यांना मालनताई म्हणतो. इथे मुलुंडलाच त्यांनी तेहतीस वर्षं दुसरीच्या वर्गाला मराठी शिकवलं. मांडी घालून बसल्या तरी त्यांचा पाय कधी स्थिर नसतो. तबला वाजला की पावलाचा अंगठा हलतो. मी समजत होतो, भक्तीनं हलतो.

निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे एक काम आलं. अंधेरीला एमआयडीसीत एका संस्थेचं ऑफिस आहे. ती संस्था दुसरीच्या मुलांसाठी मराठीचं वाचनाचं पुस्तक काढते आणि दहा जिल्ह्यांतल्या शाळांना वाटते. छापायच्या आधी चार अनुभवी शिक्षकांकडून तपासून घेतात. जोडाक्षरं जड झालीत का, वाक्यं लांब झालीत का, एवढंच बघायचं. मालनताई तो कागदांचा गठ्ठा घेऊन कीर्तनाच्या तासभर आधी इथे यायच्या. घरी नातवंडांचा गोंधळ, इथे शांत. पेन्सिल घेऊन बसायच्या.

एका शनिवारी त्यांनी मला हाक मारली आणि एकतिसावं पान पुढे केलं. धड्याचं नाव होतं सुट्टीची संध्याकाळ. केतन धावतो. विकी उंच उडी मारतो. दादू झाडावर चढतो. वर निळं आभाळ, खाली हिरवं गवत. आणि शेवटचं वाक्य होतं, रुचिरा चपला सांभाळते. चित्रात एक मुलगी कट्ट्यावर बसली होती, शेजारी चपलांचे तीन जोड नीट ओळीत मांडलेले, हात मांडीवर, तोंडभर हसू.

मी म्हटलं, हसतेय की ती, बिघडलं काय? मालनताई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळून, मुलगी जे जे करते त्याखाली रेघ मारली होती. ती पाणी भरते, अंगण झाडते, पोळी लाटते, धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरते. घडीची फुरसत नाही पोरीला.

"घाम तिलाही येतोच ना, दादा," त्या म्हणाल्या. "पण तिच्या घामाला पुस्तकात मदत म्हणतात. नुसतं धावायचं म्हणून ती एकदाही धावत नाही."

आणि मग हळूच म्हणाल्या, तेहतीस वर्षं असली वाक्यं मीच फळ्यावर लिहिली आणि साठ-साठ पोरांकडून एका सुरात म्हणून घेतली. तेव्हा पोर्शन संपवायचा होता. आता वेळ आहे म्हणून दिसलं.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सपनाचं नाव काढलं.

मालनताईंचं माहेरचं आडनाव घाडी. मूळ मालवणकडचे, पण बाई वाढल्या घाटकोपरच्या चाळीत. वडील कुर्ल्याच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्यांच्याच पाळीत बनसोडे नावाचे गृहस्थ होते, साताऱ्याच्या माण तालुक्यातले. त्यांची मुलगी सपना. चाळीत दोन बिऱ्हाडं सोडून राहायची. दोन घरांचे सण निराळे, कालवण निराळं, पण शाळा एक आणि शाळेमागचं मैदान एक. दोघी शाळेच्या खो-खोच्या संघात होत्या. मालन पाठलाग करणाऱ्यांत, पाचव्या चौकोनात बसायची. सपना पळणारी.

पळणारी म्हणजे कशी, ते सांगताना मालनताईंचा आवाज बदलायचा. बसलेल्या मुलींच्या मधून ती साखळी घालत जायची, नागमोडी, आणि मागच्या मुलीला वाटायचं आता सापडलीच, की खांबापाशी डाव्या हातानं खांब धरून अशी गर्रकन फिरायची की पाठलाग करणारी पार पुढे निघून जायची. एकदा एका सामन्यात तिच्या वेणीला हात लागला आणि पंचांनी तिला बाद दिलं. अंबाडा घातला तर तो सुटायचा, पिना लावायला परवानगी नव्हती. त्या दिवसापासून सपना मैदानात उतरली की वेणीचं टोक पुढे घ्यायची आणि दातांत धरायची. बाकीच्या मुली पळताना ओरडायच्या, हसायच्या. सपनाच्या तोंडून चकार शब्द नाही. तोंडात वेणी, बोलणार कशी? नुसता पावलांचा आवाज यायचा.

तिचा धावतानाचा एकही फोटो नाही. संघाचा एक आहे. दोन रांगा, मागची उभी, पुढची बसलेली, सगळ्यांचे हात गुडघ्यांवर, आणि नेमके सपनाचे डोळे मिटलेले.

मग गिरण्यांचा संप झाला. घाडी कसेबसे तग धरून राहिले, बनसोडे बिऱ्हाड उचलून गावी गेले. सपना तेव्हा सोळाची होती. गावाहून तिचं एक आंतर्देशीय पत्र आलं. त्यात एक वाक्य होतं, ते मालनताईंना पाठ आहे. इथं रान लई मोठं आहे पण खेळायला कोण नाही. मालननं उत्तर पाठवलं, त्यावर काही आलं नाही. पुढे नोकरी लागल्यावर त्या एकदा माणला जाऊनही आल्या. घराला कुलूप होतं. कुणी म्हणालं सांगलीकडे दिली, कुणी म्हणालं सोलापूरकडे. नवऱ्याचं नाव कुणाला धड आठवेना. मुलगी सासरी गेली की तिचा पत्ता पुसायला आपल्याकडे कितीसा वेळ लागतो?

आता मालनताईंच्या मनात काय आलं ते ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. हे पुस्तक सातारा, सांगली, सोलापुरातल्या शाळांतही जातं. सपना असेल तर साठीची असेल. तिची नातवंडं शाळेत असतील. नातवंडाचा अभ्यास घ्यायला पुस्तक उघडून बसली आणि त्यात वेणी दातांत धरून धावणारी मुलगी दिसली, तर तिला कळेल. बाकी कुणाला कळायचं नाही, तिला कळेल.

"दुसरं तसं कोण धावलंय?" मालनताई म्हणाल्या. "बघितलं की म्हणेल, हे मालनीचं काम."

तर बाई घाटकोपरहून मेट्रो पकडून अंधेरीला गेल्या. तिथे हर्षद म्हणून संपादक आहेत, तिशीचे, फार सभ्य. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, मॅडम, तुम्हाला वेलांट्या बघायला दिल्या होत्या आणि तुम्ही तर चित्रच बदलायला सांगताय. पण मुद्दा त्यांना पटला. एकतिसाव्या पानाचं चित्र आणि खालची वाक्यं बदलता येतील, चित्रकार तयार असेल तर. मुलीचं नाव मात्र रुचिराच राहील, ती पहिल्या पानापासून रुचिरा आहे. सपनाचा विषय बाईंनी तिथे काढला नाही. खो-खोचं चित्र हवं आणि त्यात मुलगी हवी, इतकंच सांगून आल्या.

आठ दिवसांनी मोबाइलवर चित्र आलं. खो-खोच होता. मुलं ओळीत बसली होती आणि मधोमध रुचिरा, उकिडवी, बोटं जमिनीला टेकलेली, नजर पुढे. तिच्या पाठीमागून धावत होता केतन. खाली हर्षदचा निरोप, आता ओके ना मॅडम?

पंचाईत अशी की चित्र चुकीचं नव्हतं. खो-खोत बसणं हेही खेळणंच. मालनताई स्वतः चार वर्षं पाचव्या चौकोनात अशाच बसल्या होत्या. चूक म्हणून दाखवायला बोट ठेवावं कुठे? त्यांनी चित्रकाराला फोन लावला, बराच वेळ समजावलं. तिकडून उत्तर आलं, बाई, फोनवर कळत नाही, मी येतो.

पुढच्या शनिवारी दुपारी तीन वाजता जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या बसनं चित्रकार शिवदास आले. किडकिडीत माणूस, पांढरी दाढी, नखांत रंग. चाळीस वर्षं गोरेगावच्या स्टुडिओंत पडदे रंगवले. राजवाडे, डोंगर, काश्मीर, काय म्हणाल ते. पडद्यांचं काम संपलं तेव्हापासून पुस्तकांची चित्रं काढतात. पाणी प्यायले, देवाला नमस्कार केला आणि सरळ म्हणाले,

"बाई, खरं सांगू का? मला मुलगी पळताना काढता येत नाही. मी मुलगा काढतो आणि वेण्या जोडतो. ते लगेच ओळखू येतं. म्हणून बसवली तिला."

"मग बघून काढा की."

"कुणाला बघू? आमच्या बिल्डिंगीत पोरी आहेत, त्या क्लासला जातात. पळताना दिसतच नाहीत. तुम्ही दाखवा."

मंडप रिकामा होता.  मालनताई उठल्या आणि कोपऱ्यातली आसनं आणून एका ओळीत मांडली, आठ, मध्ये अंतर ठेवून. हे दोन खांब आहेत ना, हे खो-खोचे खांब. पदर कमरेला खोचला. अंबाडा सोडला, केसांचे तीन पेड घातले. आता एकसष्टीला वेणी ती कितीशी राहणार? टोक कसंबसं ओठांपर्यंत आलं. ते धरायच्या आधी मला म्हणाल्या,

"दशरथदादा, उठा. माझ्या मागं लागा."

मी म्हटलं, अहो, मी सहासष्टचा, हे पोट बघा. त्या म्हणाल्या, पाठलाग करणारी असल्याशिवाय पळणारी पळत नाही. झालं. धोतराचा सोगा वर घेतला आणि मारुतीरायाची क्षमा मागून निघालो.

पहिल्या फेरीत बाई नुसत्या भरभर चालल्या. उजवा गुडघा धरला होता. शिवदास भिंतीला टेकून पेन्सिल चालवत होते, तोंड काही खुललं नव्हतं. दुसऱ्या फेरीत पावलं आसनांच्या मधून वळायला लागली. मी एका बाजूनं जायचो, तर त्या दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या फेरीला काय झालं मला सांगता येत नाही. मी त्यांच्या पाठीवर हात टाकायला आलो, एवढं अंतर राहिलं होतं, आणि खांबापाशी बाईंनी डावा हात टाकला. मी सरळ पुढे जाऊन नगाऱ्यावर आदळलो. मागे वळून बघतो तर त्या दुसऱ्या टोकाला. मंडपात फक्त अनवाणी पावलांचा आवाज येत होता. शिवदासांची पेन्सिल थांबली होती, आणि मग अशी चालायला लागली की कागद फाटतो की काय.

धाप लागल्यावर मालनताई खांबाशी खाली बसल्या. घामानं कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं. वेणी तोंडातून काढली आणि बराच वेळ हाताकडे बघत राहिल्या.

"हे वळण माझं नाही," त्या म्हणाल्या. "मला कधी जमलंच नव्हतं. मी आपली चौकोनात बसून बघायची."

दारात बुवा उभे होते, चपला हातात तशाच. लवकर आले होते. किती वेळ बघत होते कोण जाणे.  त्या संध्याकाळी आख्यान ठरलं होतं दुसरंच, पण बुवांनी लावले गोकुळातले खेळ. चेंडू, हुतूतू, हमामा, फुगडी. देव खेळायला खाली उतरला तर गोपाळांना घेतलं आणि गौळणींना घरी ठेवलं, असं कुठल्या संतानं लिहून ठेवलंय, दाखवा, म्हणाले. मी टाळ वाजवत होतो, डोळे मात्र तिसऱ्या खांबाकडे. मालनताई खाली मान घालून ऐकत होत्या.

शिवदासांचं चित्र आलं. काय सांगू तुम्हाला. मी सपनाला कधी पाहिलं नाही, पण ते चित्र बघितल्यावर मला ती रस्त्यात भेटली असती तर ओळखली असती. अंग तिरकं, डावा हात खांबाला, वेणी दातांत, आणि डोळ्यांत थोडी खोडी. मालनताईंनी मोबाइल पदराखाली झाकून घेतला, जणू ऊन लागेल. हर्षदलाही फार आवडलं. आम्ही समजलो, काम झालं. मालनताई तर मनातल्या मनात दिवस मोजायला लागल्या. जूनमध्ये पुस्तक शाळेत जाईल, जुलैत हा धडा येईल.

मे महिन्यात हर्षदचा फोन आला. पुस्तक तज्ज्ञांच्या समितीकडे गेलं होतं. मुलगी धावतेय याला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती वेणीला. मुलं बघून केस चघळायला लागतील, पालक तक्रार करतील, केस पोटात जाणं आरोग्याला बरं नाही. वेणी तोंडातून काढा, असा शेरा होता.

या वेळी मी बरोबर गेलो. घाटकोपरला मेट्रो सुटली की बाई खिडकीतून खाली बघत होत्या. मैदान कुठे होतं ते त्यांना आता नक्की सांगता येत नाही, टॉवर झालेत. दोन वेळा बोट दाखवलं, दोन वेगळ्या जागा.

ऑफिसात हर्षदनं टेबलावर दोन कागद ठेवले होते. एकावर शिवदासांचंच चित्र, पण वेणी मागे वाऱ्यावर उडणारी. दुसऱ्यावर ते जुनं, कट्टा आणि चपला. उद्या छपाईला जायचं होतं. मग मात्र मालनताईंनी सगळं सांगितलं. गिरणी, संप, आंतर्देशीय, माणच्या घराचं कुलूप, आणि ही वेणी कशासाठी, तेही. हर्षदनं चष्मा काढून ठेवला होता. सगळं ऐकून म्हणाले,

"मॅडम, मला पटतंय हो. पण समितीला मी काय सांगू? वेणी तशीच ठेवली तर ते अख्खं चित्र काढायला लावतील आणि जुनं परत जाईल. तेवढा वेळच नाही."

मालनताई उठून बाहेर जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे गेलो नाही. काचेतून पाठ दिसत होती. दहा मिनिटं झाली असतील. मला वाटत होतं, भांडतील. तेहतीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई, आवाज चढवला असता तर अख्ख्या इमारतीनं ऐकलं असतं. त्या आत आल्या, उभ्याउभ्याच उडत्या वेणीच्या कागदावर बोट ठेवलं.

"ही छापा," त्या म्हणाल्या. "पोरींनी आणखी चपला नाही सांभाळायच्या."

हर्षद आभार मानायला लागले, त्यांना थांबवून त्यांनी एकच मागणं केलं. पुस्तकाच्या सुरुवातीला तपासणाऱ्या शिक्षकांची नावं बारीक अक्षरांत छापतात, त्यात माझं नाव परब नको, माहेरचं घाला. मालन घाडी. त्यांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं.

परत येताना मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, डावा हात आहे ना खांबाला, ती ओळखेल. त्या म्हणाल्या, खांब सगळ्याच धरतात, दादा. आणि नावाचं म्हणाल तर ते पान कोण वाचतं? 

शिवदास मूळ चित्र द्यायला पुन्हा मुलुंडपर्यंत आले होते, कागदात गुंडाळून. मालनताईंनी घेतलं नाही. मला ती पाठ आहे, म्हणाल्या, मला कशाला, तिला बाहेर जायचं होतं.

जूनमध्ये पुस्तकं आली. माझी नात ऋतिका दुसरीत आहे, तिलाही मिळालं. मी मुद्दाम शेजारी बसलो. एकतिसावं पान उघडून तिनं बोट ठेवत वाचलं, रुचिरा धावते, रुचिरा खांबाला वळसा घेते. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. काही नाही. पान उलटलं आणि विचारलं, आबा, खाऊ काय आहे? मी मालनताईंना सांगितलं, पोरीला काही विशेष वाटलंच नाही हो. त्यांना फार बरं वाटलं. म्हणाल्या, नवल वाटू नये, हेच तर हवं होतं. आणि जरा वेळानं विचारलं, माणपर्यंत पोचली असतील का पुस्तकं?

मला काय ठाऊक? पोचली असतील म्हटलं. त्याला आता वर्ष झालं. फोन आलेला नाही, पत्र नाही. आज येतील मालनताई, बघाल तुम्ही. त्यांना यातलं काही विचारू नका.

मागणं एवढंच आहे. कीर्तन संपताना हात जोडून डोळे मिटता, तेव्हा आपापल्या माणसांची नावं मनात येतातच. त्यांच्या जोडीला हे एक नाव घ्या. सपना बनसोडे. गाव माण तालुक्यात, बालपण घाटकोपरला, आता वय साठीचं, सासरचं आडनाव माहीत नाही. फार सुंदर धावायची. तिची आठवण ठेवा.